दहाऐवजी तीस

शर्टाच्या बाह्या कापता कापता माझी कात्री थांबली. आज पहाटे सहरीला मी अब्बांना किती युनिट इन्सुलिन दिलं? तीस!

सकाळी तीस, रात्री वीस, हे आमचं वर्षभराचं गणित. रमजान लागण्याआधी डॉक्टरीणबाईंनी ते उलटं केलं होतं. तीस इफ्तारच्या वेळी आणि पहाटे वीसच्या निम्मे, फक्त दहा. माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, मीही पोपटासारखं म्हणून दाखवलं. आणि आज अर्धवट झोपेत, सकाळ म्हणून हात आपोआप तीसवर गेला. माझ्या अकलेला काय म्हणावं!

साडेतीन वाजले होते. इफ्तारला अजून तीन तास. अब्बांचा फोन वाजून वाजून बंद झाला. मुकादमाला "वडील" एवढंच सांगितलं, पर्स उचलली आणि गळ्यातल्या टेपसकट पळत सुटले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या सोडून. शटर अर्धं खाली दिसलं, मी वाकून आत शिरले.

अब्बा आत होते. जिवंत होते. डोळ्याला भिंग लावून बसलेले, पण चिमट्यातला स्क्रू काही केल्या जागेवर बसत नव्हता. हात थरथरत होता, सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

मी पर्समधून साखर तपासायचं यंत्र काढलं. "बोट द्या, अब्बा."

"रोजा असताना रक्त काढायचं?"

"त्यानं रोजा मोडत नाही. मौलानांना तुम्हीच विचारून आला होतात. द्या!"

आकडा आला चोपन्न. साखर सत्तरच्या खाली गेली की रोजा तिथल्या तिथे सोडायचा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी पर्समधलं ग्लुकोज पाण्यात ढवळलं.

"थोडाच वेळ तर राहिलाय," अब्बा पुटपुटले. जीभ जड झाली होती.

"चूक माझी आहे, अब्बा. पहाटे मी दहाऐवजी तीस दिले."

"माहीत आहे. इन्सुलिनचं पेन फिरवलंस तेव्हा टिकटिक मोजली मी. खात्री होईपर्यंत तुझी सुई टोचूनही झाली."

"मग सांगितलं का नाही?"

"तू रोजा ठेवू दिला नसतास."

मला संतापाने रडू फुटलं. ग्लास ओठांशी नेला, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"अब्बा, तुम्हाला काही झालं तर बापाला मारलं हे ओझं घेऊन मी जन्मभर जगेन. चालेल तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बिस्मिल्ला म्हणून ग्लास रिकामा केला.

पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं होतं. तेवढा वेळ मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. दुसऱ्यांदा बोट त्यांनी आपणहून पुढे केलं. एक्याऐंशी.

"दिवसभर फार भीती वाटत होती, पोरी," ते हळूच म्हणाले. "म्हणून शटर पूर्ण बंद केलं नाही. पडलो असतो तर कुणाला तरी दिसलो असतो."