तापाचं श्रेय

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी मंचावर शेजारी उभ्या शिवणवालीचा हात धरून उंचावला आणि गर्दीतून कौतुकाचा हुंकार उठला.

"हिचं रक्त सडलं होतं! आम्ही फक्त फुंकर घातली. केमो नाही, काही नाही. रक्ताचा कर्करोग असा पळाला, की चपला घालायचंही भान राहिलं नाही त्याला!"

लोक हसले. शिवणवालीही हसली, दर सभेत ती इथेच हसायची. पण आज तिची नजर मंचाशेजारच्या फलकावर गेली. तिथे बऱ्या झालेल्यांचे फोटो होते, शेवटचा तिचा. शेजारच्या फोटोतल्या लोहाराच्या अंत्ययात्रेला ती स्वतः गेली होती. फोटोत मात्र तो अजून बरा झालेलाच होता. त्यापलीकडची नर्सही वारली होती. तिला वाटलं, ही मंडळी सरकून आपल्याला जागा करून देताहेत.

ती खाली उतरली, तोच एका बाईनं तिला गाठलं. कडेवर मलूल पोरगी होती.

"ताई, तुम्हाला बघून धीर आला. हिलाही तोच आजार. आजपासून केमो बंद करते. फार उलट्या होतात हो हिला."

"मला पण फुंकर मारणार?" पोरीनं विचारलं.

शिवणवालीला इस्पितळातले दिवस आठवले. रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं होतं: फुफ्फुसात जंतू शिरले, ताप चढला, म्हणून केमो लांबवली. जंतूंशी लढताना शरीरानं कर्करोगाच्या पेशींनाही झोडपलं असावं. क्वचित होतं असं. पण रोग बहुधा परततो, तपासणी चुकवू नका. तिनं ती चुकवली होती. शंका घेतली की गुण जातो, असं बाबा म्हणाले होते.

ती परत वर चढली आणि माईक ओढला.

"बाबा, तुमचा सेवेकरी वॉर्डात येऊन रिपोर्ट कसा आला ते विचारून गेला. चांगला आला म्हटल्यावर तुम्ही आलात. फुंकर नंतरची!"

"रोग डोक्यात चढलाय हिच्या!" बाबा म्हणाले. थोडे लोक हसले.

"हसा. पण आधी त्या फोटोतल्या लोहाराला हाक मारून बघा. येतो का?"

हसणारे फोटोकडे वळून बघू लागले.

"सुधारलेली माणसं हे निवडून आणतात. मेलेली तक्रार करायला येत नाहीत. मी ताप येऊन वाचले; का, ते डॉक्टरांनाही पुरतं कळलेलं नाही. म्हणून दुसऱ्याच्या लेकराचं औषध तोडायचं? अरे, जरा विचार करा!"

ती खाली उतरली. पोरीची आई तिथेच उभी होती.

"आणि तुमचा आजार परत आला तर?"

"येईलही. फार भीती वाटते गं. उद्या रक्त तपासायला जाणार आहे. हिला घेऊन ये. उलट्यांवरही औषध असतं, आपण दोघी विचारू."

आईनं पोरीला कडेवर सावरून घेतलं. मग म्हणाली, "किती वाजता येऊ?"