शालूचा बिनपेन्सिलीचा फोटो

हिंजवडीत माणसांपेक्षा बाभळी जास्त होत्या, त्या काळातली गोष्ट. गेनबा आपल्या लेकीला, शालूला, फोटो काढायला तिसऱ्यांदा नारायण पेठेत घेऊन आला. आधीचे दोन फोटो पाहून स्थळं उड्या मारत आली होती. पण शालू पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली, की पाहुणे तिच्या मागं दाराकडंच बघत राहायचे. फोटोतली मुलगी अजून यायचीय म्हणून!

करणी सारी गोपाळकृष्ण फोटोग्राफरच्या पेन्सिलीची. निगेटिव्हवर ती फिरली, की शालूसारखा काळासावळा चेहराही कागदावर उजळलाच. त्यानं म्हणे एकदा कावळ्याचा फोटो असा उजळला, की कावळिणीनं त्याला घरट्यात घेतलं नाही.

"या बारीला पेन्सिल नगं," शालू म्हणाली. आल्या पावली परत गेलेले पाहुणे अजून तिच्या छातीवर बसले होते. "मी हाय तशी बघून ज्याला यायचं त्यो यील."

"गप गं! जलमभर घरात बसशील," गेनबा खेकसला.

"खरा चेहरा पाहायला आरसा असतो," गोपाळकृष्ण म्हणाला. "तो घरी फुकट दिसतो. इथं कशाला यायचं?"

तेवढ्यात त्याची बायको सरोजिनीबाई आतून आली. शाळेत शास्त्र शिकवायची. "अहो गेनबा, कडक उन्हाच्या मुलखात ज्यांच्या कातडीत रंग जास्त, त्यांना ऊन कमी बाधलं, त्यांची पोरंबाळं तगली. जिथं सूर्यच कंजूष, तिथं फिकट कातडीचे तगले. हाडांना लागतं तेवढं ऊन त्यांच्या आत शिरलं. हजारो वर्षं लागली या रंगाला. आणि आमचे हे दीड मिनिटात पुसतात!"

गेनबानं स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहिला. "म्हंजी ह्ये वाडवडिलांकडनं आल्यालं?"

"वडिलोपार्जित. फक्त सातबाऱ्यावर नोंद नाही."

वडिलोपार्जित म्हटल्यावर गेनबा बांधाची वीतभर माती न सोडणारा गडी. "मग ठिवा ती पेन्सिल खाली!"

महिन्याभरात स्थळ आलं. मुलाच्या आईनं, तुळजाबाईनं, फोटो शालूच्या तोंडाशी धरला. "हीच की गं ती! बस, लेकी. आता आमचा हिंदुराव कसा वाटतोय, ते तू सांग."

हिंदुराव असा काळा, की त्याच्याशेजारी त्याची सावली उजळ दिसायची. आजवर शालूला असं कुणी विचारलंच नव्हतं. तिनं मान वर करून त्याला चांगलं निरखलं. घाई केली नाही. दोन चहा झाले, हिंदुरावाला घाम फुटला, तेव्हा म्हणाली,

"चालंल."