न आलेल्याचा वाटा

शमशुद्दीनभाई पहाटेच्या अजानीनंतर गेले. भवानी पेठेत खाली त्यांचं रेशनचं दुकान आणि वर घर. वरच्या खोलीत मय्यत ठेवलेली, खाली शटर अर्धं ओढलेलं, जिन्यावर चपलांचा ढीग. दुपारच्या नमाजेनंतर जनाजा उचलायचा असं ठरलं होतं, कारण धाकटा मुलगा अमीन आखातातून निघाला होता. उत्तरेतल्या एका मोठ्या विमानतळावर तो उतरला, तिथून पुण्याच्या विमानात बसला, आणि ते विमान काही जागचं हलेना.

मग सगळ्यांच्या नजरा आबेदाकडे वळल्या. आबेदा थोरली मुलगी. वडिलांचं दुखणं वाढलं म्हणून रजा टाकून आलेली. नोकरी कुठे, तर नेमकी त्याच विमानतळावर. विमानांना कधी उडायचं, कधी थांबायचं हे सांगणाऱ्या कंट्रोलरची.

"तुझ्याच लोकांनी अडवून ठेवलंय पोराला," मोठे चाचा म्हणाले. भाऊ आत पांढऱ्या चादरीखाली, आणि हे मोबाइलवर बातम्या लावून बसलेले. "हे बघ, काय म्हणतायत. परदेशी हल्ला!"

"हल्लाबिल्ला काही नाही, चाचा. कॉम्प्युटर बंद पडलाय."

"मग चालू करा की!"

आबेदाला हसू आलं असतं, पण आज हसायचा दिवस नव्हता. तिने समजावून सांगितलं. कुठलं विमान कुठे जाणार, कोणत्या वाटेने, किती उंचीवरून, ही माहिती एक कॉम्प्युटर आपोआप कंट्रोलरच्या पडद्यावर आणतो. तो मेलाय. रडार चालू आहे, आभाळातली विमानं दिसतायत. पण जमिनीवरच्या प्रत्येक विमानाची माहिती आता माणसं कागदाच्या पट्टीवर हाताने लिहितायत आणि पुढच्या केंद्राला फोनवर वाचून दाखवतायत. म्हणून एकेक करून सोडतायत.

"आपल्या दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनसारखंच की," आतून अम्मी म्हणाली. हुस्नबानू सकाळपासून बोलली ती एवढंच.

अगदी तसंच. बातम्यांत 'अचानक' हा शब्द पुन्हापुन्हा येत होता. अचानक कसलं? ती यंत्रणा वर्षभर खोकत होती. माहिती उशिरा यायची, एकाच विमानाची दोनदा यायची, कधी यायचीच नाही. खुर्चीवर बसणाऱ्यांनी घसा कोरडा होईपर्यंत वर सांगितलं. वरून उत्तर आलं, बंद करून चालू करा. तेवढ्या काळात साहेबांच्या केबिनला नवी काच बसली, पाहुण्यांसाठी सोफा आला. आता चौकशी बसणार, आणि दिवसभर उपाशी राहून ज्याने हाताने हजार अक्षरं लिहिली, त्याचंच एखादं अक्षर चुकलेलं सापडणार. सोफ्याची चौकशी या देशात कधी झालीय?

दुपारची नमाज होऊन गेली. चाचांनी मौलानांकडून असरपर्यंत, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेपर्यंत, मुदत मागून घेतली. मय्यत त्यापुढे ठेवायची नाही, हे सगळ्यांना मान्य होतं.

अमीनचा फोन आला. विमानाच्या दारं लावलेल्या पोटातून. आबेदाने स्पीकरवर घेतला.

"आपा, बारा विमानं आहेत म्हणे पुढे. दोन तासांत दोन सुटली." त्याचा आवाज फाटला होता. "मला खांदा नको, काही नको. अब्बांचा चेहरा तेवढा बघू दे. तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील."

तिने उत्तर द्यायच्या आत फोन कटला.

दारात सर्जेराव उभा होता. मूळचा लोणी काळभोरचा, मार्केट यार्डात कांद्याची आडत. शमशुद्दीनभाईंचा तीस वर्षांचा दोस्त. सकाळपासून कबर खोदणाऱ्यांपासून बर्फापर्यंत सगळं तोच बघत होता. "ताई, मी आमदाराच्या पीएला लावला व्हता फोन. त्यो म्हणतोय, इमानाचं माझ्या हातात न्हाई. पर तुमच्या तर हातात हाय ना? येक फोन करा. बारा इमानं हुभी, त्यातलं येक मोरं घेतलं तर आभाळ कोसळतंय व्हय?"

"आभाळ नाही कोसळत, सर्जेरावकाका. विमान कोसळतं."

ती बोलून गेली, पण हे पुरतं खरं नाही हे तिला माहीत होतं. एक पट्टी वर सरकवली तर काही कोसळत नाही. दुसरी सरकवली तरी नाही. कितवी सरकवल्यावर कोसळतं, ते मात्र कुणालाच माहीत नसतं.

"बघा बुवा," सर्जेराव म्हणाला. "बाप येकदाच मरतो."

अम्मीने मान वर केली आणि आबेदाकडे पाहिलं. त्या नजरेपुढे टिकणं आबेदाला जमेना. ती फोन घेऊन जिना उतरली आणि शटरखालून वाकून दुकानात शिरली.

आत तांदळाचा, गोणपाटाचा, जुन्या रॉकेलचा वास. काट्याच्या मागे अब्बांची पाटी, त्यांच्याच हाताने रंगवलेली. 'ओळख घरी दाखवावी. इथे रांग आहे.' सगळ्या पेठेला पाठ होती. एकदा नगरसेवकाचा माणूस तीन कार्डं नाचवत पुढे घुसला, तेव्हा अब्बांनी तोंडही उघडलं नव्हतं. कानावरची पेन्सिल काढून पाटीवर टकटक केली होती. अंगठ्याचं मशीन बंद पडलं की म्हाताऱ्या बायांना बाकीचे दुकानदार हाकलून द्यायचे. अब्बा हाताने लिहून घेऊन गहू मापायचे आणि वरच्यांच्या नोटिसा खायचे. महिनाअखेरीला जे आलेच नाहीत, त्यांचं धान्य बाजारात मागच्या दाराने जातं, हे शेंबडं पोरही सांगेल. अब्बा ते वेगळ्या पोत्यात बांधून ठेवायचे. न आलेल्याचा वाटा, म्हणायचे. पोतं अजून कोपऱ्यात होतं.

आबेदाने पाटीकडे पाठ केली आणि नंबर फिरवला. पाळीप्रमुखाच्या टेबलावरचा.

"हेमा बोलतेय, लवकर बोला."

"मी आबेदा."

"आबेदा! अगं, बाबांचं कळलं सकाळी. फोनसुद्धा करता आला नाही गं, काय सांगू तुला इथली तऱ्हा..." हेमाचा घसा पार बसला होता. मागे कुणीतरी एकेक अक्षर सुटं करून विमानाचं नाव वाचत होतं, दुसरं कुणी ते जसंच्या तसं परत म्हणत होतं. कुणी खोकलं. वाचणारा थांबला आणि पहिल्यापासून सुरू झाला. "तू फोन का केलास? तुझं कुणी अडकलंय का यात? पटकन सांग, बघते मी काहीतरी."

मागायचीही गरज पडली नाही. दार उघडंच होतं. विमानाचा नंबर आबेदाच्या जिभेच्या टोकावर होता. हेमाने एक पट्टी उचलून वर ठेवली असती, कुणी विचारलंही नसतं. आणि पुढच्या बारा विमानांत कुणाचा बाप, कुणाचं बाळंतपण, कुणाची परीक्षा होती, ते कुठल्या पट्टीवर लिहिलेलं असतं?

"आबेदा? आहेस ना?"

"कुणी नाही अडकलं," आबेदा म्हणाली. "तू कधीपासून बसलीयस?"

"रात्रपाळीची आहे मी. बदलीला माणूसच नाही."

"पाणी पी. आणि उंची दर वेळी परत म्हणवून घे."

"घेते गं. तू रडलीस का?"

"रडेन. तू ठेव."

वर आल्यावर चाचांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"रांगेत आहे. येईल."

"एवढं शिकवलं भावानं," चाचा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि उपयोग काय?"

असरची अजान झाली. मौलाना जिन्यात येऊन उभे राहिले. सगळे अम्मीच्या तोंडाकडे बघू लागले. हुस्नबानूने नवऱ्याच्या चेहऱ्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "उचला."

पुरुष गेले. बायका मागे राहिल्या. गल्लीच्या वळणावर जनाजा दिसेनासा झाला, तेव्हा पुढच्या डाव्या खांद्याला सर्जेरावची पांढरी टोपी होती. मुलाच्या जागी.

दुपार उलटल्यावर कॉम्प्युटर चालू झाला, रांग भराभर सुटली, आणि अमीन दिवे लागून गेल्यावर पोचला. लोहगावहून रिक्षाने, हातात बॅग तशीच. मोकळी खोली पाहून तो भिंतीला टेकला. मग आबेदापुढे येऊन उभा राहिला.

"फोन केला होतास?"

"केला."

"मग?"

खोटं सांगणं सोपं होतं. ऐकलं नाही त्यांनी, एवढं म्हटलं की संपलं असतं. "तुझं नाव नाही घेतलं मी," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो पुटपुटला, "दगड आहेस तू. त्यांच्या पाटीसारखी दगड."

"बस कर," अम्मी म्हणाली. "तुझ्या वेळी मला सातवा महिना होता. रॉकेलच्या रांगेत उन्हात उभी होते, ही माझं बोट धरून. दुकान नवऱ्याचं! म्हटलं, आत येऊन नेते. ह्यांनी पाटी दाखवली. घरी आल्यावर असे शब्द सुनावले मी त्यांना! आणि अजून विसरले नाही. तूही विसरू नकोस. पण हिला दगड म्हणू नकोस. त्यांच्यावर गेलीय ती. मी त्यांच्याबरोबर जन्म काढला, तुला एक रात्र काढता येत नाही?"

अमीन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. आबेदाही रडली, पण दूर बसून. जवळ जायची तिची छाती झाली नाही.

मग सर्जेराव आला. टोपी हातात, विजारीला गुडघ्यापर्यंत माती. "आलास का रं? चल. मूठमाती देताना मानशी तीन मुठी टाकत्यात, तुझ्या तीन मी बाजूला काढून ठिवल्यात. त्या खोदणाऱ्याला सांगितलंय, ह्याला हात लावशील तर बघ. भाईच्या दुकानात न आलेल्याचा वाटा कुनी खात नव्हतं."

अमीन उठला. जिना उतरला. चार पायऱ्या परत चढून आला.

"आपा, चल."

"मी कशी येऊ तिथं? बायका कब्रस्तानात जात नाहीत."

"फाटकापाशी उभी राहा. रांगेत उभं राहायची सवय आहे ना तुला?"

टोमणाच होता, आणि तिला तो गोड लागला.

कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर ती उभी राहिली. आत सर्जेरावच्या बॅटरीच्या उजेडात अमीन वाकला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो मूठ मिटून सरळ बाहेर आला आणि मूठ तिच्या हातात रिकामी केली. ओलसर माती, थंड. तिने ती क्षणभर धरली, ओठांपाशी नेली, आणि परत त्याच्या ओंजळीत घातली.

"सांडू नकोस," ती म्हणाली.

तो दोन्ही हात जुळवून, सावकाश पावलं टाकत आत गेला.