रद्द विमानातून आलेल्या सासूबाई

विमानतळावरच्या पाटीवर सासूबाईंच्या विमानापुढे लाल अक्षरांत ‘रद्द’ आलं आणि जावयाच्या तोंडून ‘अरेरे’ निघालं. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं, तरी निघालं. सासूबाईंच्या बाबतीत तो पहिल्यापासून असाच होता. त्यांच्यासमोर त्यानं कधी पाय लांब करून बसणं नाही, की त्यांनी वाढलेलं नको म्हणणं नाही. त्यांच्याशी बोलायला त्याच्याकडे ‘हो आई’ आणि ‘बरं आई’ एवढे दोनच शब्दप्रयोग होते आणि त्यावर त्याचा संसार झकास चालला होता.

सुट्ट्यांचे दिवस होते. तिकडे धुकं पडलं होतं आणि त्यामुळे इकडे निम्मी विमानं उशिरा येत होती, उरलेली येतच नव्हती. जावयापुढे मात्र अडचण खरी होती. बायकोला आठवा महिना होता, डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. तो स्वतः दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा, त्यामुळे घरात तिच्याजवळ कोणी नव्हतं. शिवाय मायलेकींचं मध्ये दोन वर्षं बोलणं बंद होतं. पोट दिसायला लागलं तेव्हा कुठे ते सुरू झालं. आई येणार म्हणून बायकोनं झोपल्या झोपल्या त्याच्याकडून पडदे तीनदा बदलून घेतले होते. तिला आई हवी होती. आता घरी जाऊन काय सांगायचं, या विचारात तो वळला आणि बाहेर येणाऱ्या प्रवाशांचं सरकतं दार उघडलं.

रद्द झालेल्या विमानाचे प्रवासी बाहेर आले.

शांतपणे आले. एकाच्याही कपड्याला चुणी नव्हती, एकही मूल किरकिरत नव्हतं, कोणी चालता चालता मोबाइल चालू करत नव्हतं. न्यायला आलेल्यांनी एकदा पाटीकडे बघितलं, एकदा आपापल्या माणसाकडे बघितलं आणि बॅगा उचलल्या. गर्दीच्या दिवसांत पाटीवर कोण विश्वास ठेवतं? सासूबाई सर्वांत शेवटी आल्या. तीच करड्या रंगाची शाल, तोच चष्मा, तीच मान वाकडी करून बघायची सवय.

‘‘आई, प्रवास कसा झाला?’’ वाकून नमस्कार करत त्यानं विचारलं.

त्या काही बोलल्या नाहीत. रागावल्या असतील, त्याला वाटलं. विमान रद्द झालं की नाही याचीच खात्री नसेल, तर कोणीही रागावेल. त्यानं बॅग डिकीत ठेवली, त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी काढली. तिसऱ्या सिग्नलला मागून आवाज आला, ‘‘छान झाला.’’

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर ‘आई (सासर)’ असं नाव होतं. त्यानं आरशात बघितलं. मागच्या सासूबाई हात मांडीवर ठेवून समोर बघत होत्या. त्यानं फोन कानाला लावला.

‘‘अहो जावईबापू! विमान रद्द झालंय! तुम्ही निघाला नाहीत ना अजून? हे मेले काही धड सांगत नाहीत. चहा म्हणून कोमट पाणी दिलंय. आमच्या ठमीला सांगा, मिळेल त्या विमानानं येतेय. काय?’’

‘‘हो आई,’’ तो म्हणाला.

‘‘आणि गाडी हळू चालवा.’’

‘‘बरं आई.’’

आता दुसऱ्या एखाद्या माणसानं गाडी बाजूला घेऊन मागं वळून विचारलं असतं, की बाई, तुम्ही कोण? जावयानं तसं विचारायचं ठरवलंसुद्धा. पण वाक्य जुळेना. ‘आई, तुम्ही तुम्हीच ना?’ हे काय बोलणं झालं? आणि त्या त्याच असल्या तर? जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. त्यानं आरसा जरा वर केला आणि घर गाठलं.

घरात बायकोनं आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पोटाला कसं वाटतंय, जेवतेस का नीट, असलं काही विचारलं नाही. बायकोनं ‘‘आई, तू बारीक झालीस गं’’ म्हटलं, त्यावर बराच वेळ काही नाही. मग बायको सूप पिऊन, गोळ्या घेऊन, कूस बदलून झोपायच्या बेतात असताना त्या म्हणाल्या, ‘‘नाही गं.’’

पहिले दोन दिवस असेच गेले. उत्तरं यायची, पण उशिरा. मीठ हवं का, असं नाश्त्याला विचारलं, की ‘हो’ यायचं ते भांडी घासून झाल्यावर. बायको हुशार. ती सकाळीच दुपारचे प्रश्न विचारून ठेवायला शिकली. ‘‘आई, जेवल्यावर पडणार आहेस का थोडी?’’ असं ती दात घासतानाच विचारायची आणि बरोबर जेवण झाल्यावर उत्तर यायचं. बाकी सासूबाईंसारखं माणूस नाही. पाय चेपायच्या, केस विंचरायच्या, घर आरशासारखं ठेवायच्या. मुख्य म्हणजे आल्यापासून ‘मी आधीच म्हटलं होतं’ हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं.

जावयानं एक गोष्ट मात्र केली. सासूबाई आंघोळीला गेल्या तेव्हा त्यानं पेल्यातली त्यांची कवळी काढून खिडकीत उजेडाला धरली. ती त्यानंच बनवली होती. सासूबाईंनी लॅबमध्ये त्याच्या डोक्यावर उभं राहून पुढचा एक दात मुद्दाम तिरका लावून घेतला होता, ‘‘म्हणजे लोकांना खरे वाटतील.’’ तो तिरका दात जागच्या जागी होता. आतल्या बाजूला त्याची बारीक खूणही होती. फक्त कवळीवर एक ओरखडा नव्हता. दाढा घासलेल्या नव्हत्या. काल लॅबमधून पॉलिश करून दिल्यासारखी होती. या दातांनी अजून कोणी काही चावलं नव्हतं.

त्यानं ती परत पेल्यात ठेवली आणि हात दोनदा धुतले.

त्या दुपारी फोनवरच्या सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्याला लॅबच्या जिन्यात जाऊन बोलावं लागलं. मागं विमानतळाचा लांबलचक हॉल दिसत होता.

‘‘मला म्हणतात तुम्ही पोहोचलात!’’ त्या ओरडल्या. तोंडातले दात चांगले झिजलेले, चहानं पिवळे पडलेले. ‘‘मी म्हटलं, अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे. तर ती पोरगी म्हणते, मॅडम, आमच्याकडे तुम्ही उतरल्याचं दिसतंय. उतरलेल्या माणसाला परत सीट देता येत नाही. असं असतं का कुठे?’’

‘‘नसतं आई.’’

‘‘तुमच्याकडे कोणी आलंय का?’’

जावई जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिला.

‘‘जावईबापू, मी काहीतरी विचारतेय.’’

‘‘हो आई.’’

‘‘म्हणजे आलंय?’’

‘‘म्हणजे... बरं आई.’’

चार वर्षांत पहिल्यांदाच सासूबाईंचा आवाज खाली आला. त्या म्हणाल्या, ‘‘इथे आधी खूप माणसं अडकली होती. पाय ठेवायला जागा नव्हती. आता बघा.’’ त्यांनी फोन फिरवला. खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या होत्या. एका खुर्चीवर कोणाचा तरी स्वेटर, एका खुर्चीखाली बुटांचा जोड. ‘‘कोणी विमानात चढताना मी बघितलं नाही. नुसती नसतात. माझ्याशेजारी एक बाई होत्या, त्यांच्या मुलानं तिकडे विमानतळावर जाऊन सांगितलं म्हणे, की आमची आई पोहोचली. मी पाणी आणायला गेले. परत आले तर फक्त पर्स.’’

‘‘तुम्ही पाणी आणायला जाऊ नका,’’ जावई म्हणाला. सासूबाईंना त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सांगितलं होतं.

‘‘मग या ना मला न्यायला. तिकडे काउंटरवर जाऊन सांगा, की आलेली बाई आमची नव्हे. तुम्हीच सांगायला हवं. माझं कोणी ऐकत नाही.’’

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात सासूबाई ओटा पुसत होत्या, म्हणून कुजबुजत सांगितलं.

‘‘मला माहितीये,’’ बायको म्हणाली.

‘‘काय माहितीये?’’

‘‘अरे कवळीसम्राट, माझी आई आहे ती. मला कळणार नाही? काल तिनं माझं पोट बघून म्हटलं, छान दिसतेयस. माझ्या आईनं मला असं कधी म्हटलंय?’’

‘‘मग तू बोलली का नाहीस?’’

बायकोनं उशी नीट केली. ‘‘एक दिवस म्हटलं राहू दे. मग आणखी एक दिवस म्हटलं.’’ तिचे डोळे भरले. ‘‘तिकडे ती एकटी बसलीय ना?’’

‘‘हॉल रिकामा होत चाललाय.’’

‘‘जा,’’ ती म्हणाली. ‘‘उद्याच जा. घेऊन ये तिला. येऊन मला बोलू दे काय बोलायचं ते. ‘मी आधीच म्हटलं होतं’ म्हणू दे. आणि ऐक, मला उठवू नकोस जाताना. मी हिला जाताना बघणार नाही.’’

‘‘ठमे, दूध घेतेस?’’ दारातून सासूबाईंनी विचारलं.

दोघं दचकले. ठमी हे बायकोचं लाडाचं नाव या सासूबाईंनी आजवर उच्चारलं नव्हतं. बायको ‘‘हो’’ म्हणाली.

‘‘साखर घालू?’’

‘‘थोडी.’’

‘‘बरं,’’ सासूबाई लगेच म्हणाल्या. उशीर कधी संपला, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर चौकशीच्या काउंटरपुढे ही रांग. सगळे जोडीजोडीनं उभे होते. पुढे एक आजोबा-आजी त्यांच्या मुलाला घेऊन आले होते. मुलगा चांगला इस्त्रीचा शर्ट घालून आजीची पिशवी धरून उभा होता. ‘‘परत द्यायला आलात?’’ जावयानं विचारलं.

‘‘छे हो,’’ आजोबा म्हणाले. ‘‘पक्का करायला आलोय. हा बँकेत पण येतो बरोबर.’’

जावयानं मोबाइलवर फोन लावला. पलीकडून उचलला गेला. ‘‘आई, मी काउंटरवर आलोय. फोन चालू ठेवा. समोरासमोरच काय ते होऊन जाऊ दे.’’ पलीकडून काही आलं नाही. दोन माणसं पुढे सरकल्यावर क्षीण आवाज आला, ‘‘बरं झालं आलात.’’

काउंटरवर निळा स्कार्फ बांधलेली मुलगी होती. कित्येक दिवस झोपली नसावी. तिनं जावयाकडे बघितलं, शेजारच्या सासूबाईंकडे बघितलं.

‘‘आमचं विमान रद्द झालं होतं,’’ जावयानं सुरुवात केली, ‘‘तरी या आल्या.’’

‘‘सुट्ट्यांत होतं तसं सर. विमान रद्द केलं तरी लोकांची यायची घाई थांबत नाही. मग जे येता येईल ते येतं.’’ ती यांत्रिकपणे म्हणाली. ‘‘एका तिकिटावर एकच व्यक्ती पोहोचू शकते. या तुमच्या नसतील तर त्यांच्यासमोर तसं सांगा, त्यांना इथून आत घेऊ आणि तिकडच्या मॅडमना पुढच्या विमानात बसवू. याच असतील तर तसं सांगा, तिकडचं बंद करू.’’

‘‘बंद म्हणजे?’’

‘‘सर, मागे रांग आहे.’’

जावयानं गाडीत वाक्य घोकून ठेवलं होतं. ‘या माझ्या सासूबाई नाहीत.’ चार शब्द. घसा साफ करून तो वळला. सासूबाई मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होत्या. शाल त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी इतकी घट्ट धरली होती, की तिला चुण्या पडल्या होत्या. इतक्या दिवसांत त्यांच्या कपड्याला पडलेली चुणी त्यानं बघितली नव्हती.

‘‘जावईबापू,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुम्हाला माझा त्रास होतोय का हो?’’

या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही जावयाकडे एकच उत्तर असतं. ते विचार करून द्यायचं नसतं. गुडघ्यावर टिचकी मारली की पाय उडतो, तसं ते येतं.

‘‘छे छे, आई! असं काय बोलता!’’

‘‘झालं तर मग,’’ मुलगी म्हणाली आणि तिनं एक कळ दाबली. ‘‘पुढचे या.’’

‘‘नाही, म्हणजे तसं नाही, मला म्हणायचं होतं—’’

‘‘तुम्हीच त्यांना ‘आई’ म्हणालात ना?’’ मुलगी म्हणाली. मागच्या माणसानं आपल्या गुटगुटीत भावाला घेऊन कोपरानं त्याला बाजूला केलं.

त्याला परत पुढे घुसता आलं असतं. ओरडता आलं असतं, काचेवर हात आपटता आला असता. तो तिथे उभा राहिला, आणि या सगळ्या गोष्टी आपण आता करू, आता करू, असं स्वतःला सांगत असताना सासूबाईंनी त्याच्या दंडाला हलकेच धरून त्याला दाराकडे वळवलं. ‘‘चला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ठमी वाट बघत असेल. मी तुम्हाला आधीच म्हटलं होतं, सकाळी गर्दी असते.’’

घरी दार वाजलं तेव्हा बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. वळून बघायला तिनं बराच वेळ लावला. मग बघितलं. जावयाच्या चेहऱ्याकडे बघितलं, शालीकडे बघितलं, आणि काही न विचारता पांघरूण डोक्यावरून घेतलं. सासूबाई तिच्या पायथ्याशी बसून पाय चेपू लागल्या.

जावई फोन घेऊन लॅबमध्ये आला. कपाटांत गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे ओळीनं मांडलेले होते. त्यानं फोन कानाला लावला. तो अजून चालूच होता. आधी रिकाम्या हॉलमधला घुमारा ऐकू येत होता, लांब कुठेतरी फरशी पुसायचं यंत्र फिरत होतं. मग यंत्र थांबलं. मग घुमाराही राहिला नाही.

‘‘आई?’’ तो म्हणाला. ‘‘आई, पाणी आणायला गेलात का?’’

बॅटरी संपत आली तसा त्यानं फोनला चार्जर लावला. आज तो तिसऱ्यांदा लावलाय. पडद्यावर ‘आई (सासर)’ असं नाव आहे आणि खाली बोलण्याचा वेळ पुढे सरकतोय. कोणी विचारलं तर तो हाताच्या खुणेनं ‘जरा थांबा’ म्हणतो. सासूबाईंनी ठेवल्याशिवाय आपण आधी फोन कसा ठेवायचा?