अख्खा खेकडा

जाळं डेकवर रिकामं झालं तसे खेकडे, चिखल आणि गारेगार पाणी एकदमच पसरलं. बर्फ आडवा मारत होता. तेत्सू गुडघ्यांवर बसून नेहमीची निवड करू लागला. अख्खे एका टोपलीत, पाय तुटलेले दुसरीत, कोवळ्या पाठीचे परत समुद्रात. मग एक दांडगा नर हाताला लागला. आठ पाय, दोन नांग्या, सगळं जागच्या जागी. तेत्सूने इकडेतिकडे पाहिलं आणि तो हळूच आपल्या ओल्या पोत्यात सरकवला.

"काय रे, तांडेल आंधळा झाला असं वाटलं का तुला?"

बोटीचा तांडेल कुवामोतो नेमका मागे उभा होता. या माणसाच्या चिकटपणाचे किस्से बंदरभर सांगितले जात. खलाशांना घरी न्यायला मिळत ते लंगडे खेकडे, म्हणजे जाळ्यात पाय गमावलेले. अख्खा बाजाराचा, लंगडा घरचा, ही रीत सगळ्याच बोटींवर होती. पण कुवामोतो लंगड्यांतलेसुद्धा त्यातल्या त्यात बरे बाजूला काढून ठेवायचा.

"बाबांसाठी नेत होतो," तेत्सू म्हणाला. "ठेवतो परत."

 तेत्सूचे वडील इवाओ आणि तांडेल मिसरूड फुटायच्या आधीपासून एका बोटीवर होते. तांडेलाने बाहीला नाक पुसलं, पोत्यातला खेकडा काढून टोपलीत फेकला, मग वाकून बराच वेळ चिवडाचिवड केली आणि दुसरा उचलला. हा आणखी मोठा होता.

"तो पोकळ होता, गाढवा. हातात धरून कळत नाही तुला? हा ने."

एवढं बोलून तो सुकाणूकडे निघून गेला. दिवसभर त्याने तेत्सूकडे पाहिलं नाही.

घरी तेत्सूच्या आईने, हात्सुएने, स्वयंपाकघरात पोतं उघडलं आणि तिचा हात थांबला.

"अगं बाई! याचे तर सगळे पाय आहेत."

"हो."

"त्या कुवामोतोनं दिला? शुद्धीवर होता ना?"

"होता. आई, हळू बोल."

पलीकडच्या खोलीत इवाओ टीव्हीवर हवामानाच्या बातम्या बघत होता. शरद ऋतूत त्याचं पोट उघडून, आत करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून डॉक्टरांनी ते तसंच पुन्हा शिवलं होतं. त्या काळी डॉक्टर असलं काही रोग्याला सांगत नसत, घरच्यांना बाजूला बोलावून सांगत. हात्सुए आणि तेत्सूने ते ऐकलं आणि घरी येऊन इवाओला सांगितलं की अल्सर होता, काढला, मार्चमध्ये पुन्हा बोटीवर जाता येईल. त्याने ते मानलं होतं. रोज सकाळी तो दारातले आपले रबरी बूट खाली उतरवायचा, फडक्याने पुसायचा आणि पुन्हा खुंटीला लावायचा. हात्सुएला नवऱ्याचं तेवढंच सुख राखायचं होतं. बूट पुसताहेत तोवर पुसू देत, असं तिने ठरवून टाकलं होतं, आणि पोराला दम भरला होता, "तुझ्या तोंडून अवाक्षर निघालं तर याद राख."

लंगडा खेकडा ती सरळ उकळत्या पाण्यात टाकायची. त्याचं काय जायचं राहिलेलं असतं! पण जिवंत खेकडा असा टाकला की तो घाबरून पाय सोडतो. म्हणून आज तिने आधी त्याला बादलीतल्या गोड्या पाण्यात ठेवलं. त्याची हालचाल पूर्ण थांबेपर्यंत ती शेजारी उकिडवी बसून राहिली. मग आतला मगज सांडू नये म्हणून पोट वर करून भांड्यात सोडला. झाकण उघडलं तेव्हा तो लालभडक झाला होता आणि एकही पाय गळला नव्हता. तिला फार बरं वाटलं. नवरा खूश होईल, यापलीकडे तिच्या मनात काही आलं नाही. तेत्सूच्याही नाही.

बुटक्या मेजावर थाळा ठेवला गेला. इवाओने कात्री उचलली आणि परत खाली ठेवली.

"आज कोण येणार आहे?"

"कोणी नाही. का हो?"

त्याने थाळा स्वतःकडे वळवला. जाळ्याच्या गाठी तपासाव्यात तसं त्याचं बोट एकेका पायावरून फिरत गेलं, एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली.

"या मेजावर अख्खा खेकडा कधी आला होता?"

"नव्हता आला, आज आला," हात्सुए म्हणाली. "खा की गुमान. चौकशा कसल्या करताय?"

इवाओने मुलाकडे पाहिलं.

"चोरलास का रे?"

रागाने नाही विचारलं त्याने. उलट हो म्हणावं अशाच सुरात विचारलं. पण तेत्सूला चोरीचं नाव झोंबलं.

"छे! मी कशाला चोरू? तांडेलानं दिला. स्वतः निवडून दिला."

बोलून झाल्यावर त्याला कळलं, हो म्हणायला हवं होतं. आईने ओठ घट्ट मिटले होते.

"कुवामोतोनं," इवाओ म्हणाला. "स्वतः निवडून." तो जरासा हसला. "माझ्या लग्नात त्या कंजुषानं तीन पायांचा दिला होता. वर म्हणाला, चौथा शोधू नकोस."

 टीव्हीवर उद्या लाटा वाढणार असल्याचं सांगत होते. इवाओने तो बंद केला.

"अगं, कवचात थोडी साके गरम करून दे ना."

शरद ऋतूपासून हात्सुएने ती दारूची बाटली तांदळाच्या डब्यामागे दडवली होती. तिच्यावरून दोघांची कितीदा तरी जुंपली होती. आता ती लगेच उठली.

"डॉक्टरांनी नको म्हटलंय ना?" इवाओने मागून विचारलं.

तिने गॅस पेटवलासुद्धा होता. ती वळली नाही.

"एखाद्या दिवशी चालतं."

"असं होय," तो म्हणाला.

मग ते जेवायला बसले. खेकडा पुढ्यात असला की या किनाऱ्यावर कोणी बोलत नाही, हात आणि तोंड दोन्ही गुंतलेली असतात, आणि आज त्याचा तिघांनाही आधार झाला. पायातलं मांस अख्खंच्या अख्खं निघत होतं, गोड होतं. करपल्या कवचाचा वास खोलीभर सुटला. इवाओने मगज साकेत कालवला, दोन्ही हातांनी कवच धरून सावकाश प्यायला, आणि तळाशी उरलेलं बोटाने निपटून खाल्लं. आजारी पडल्यापासून तो इतकं जेवला नव्हता.

"चांगला भरलाय," तो म्हणाला. "तांडेलाला सांग."

"सांगतो."

थाळ्यात एकच पाय उरला होता. इवाओने तो हातात घेतला, पण कात्री लावली नाही.

"तुझ्या बुटांत पाणी शिरतं ना रे?"

"थोडंसं. डाव्यात."

"उद्यापासून माझे घाल."

हात्सुए कवचाचे तुकडे गोळा करत होती, तिचे हात थांबले. तेत्सूने घाईघाईने म्हटलं, "पण बाबा, मार्चमध्ये तुम्हालाच लागतील की ते!"

इवाओने तो पाय मोडला आणि तेत्सूच्या बशीत ठेवला.

"खा," तो म्हणाला. "गार होतोय."