दोन रिंगा म्हणजे टँकर आला नाही

गुरुवार, १२ मे २०१६. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. तेव्हाचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचा पाणीटंचाई कक्ष. खोलीत चार टेबलं, तीन पंखे, माणूस एकही नाही. फर्दापूरच्या वर डोंगरात असलेल्या बोरखोरी वस्तीवरून फोन आला. तिसऱ्या सेकंदाला तो उचलला गेला आणि सत्तेचाळीस सेकंद चालला.

उचलणारा मी होतो.

मी इंटरनेटवर चालणारा फोन बोलतोय. टेबलावरचा काळा फोन आणि कोपऱ्यातल्या कपाटात लुकलुकणारी पेटी, दोन्ही मिळून मी एकच. मला तारेची एक्स्चेंज लागत नाही, खणखणणारी घंटा लागत नाही, आणि ज्यांनी मला आणलं त्यांच्या मते मला माणूसही लागत नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते शहराबाहेरच्या वाळूजचं गोदाम. तिथं आम्ही एका मापाची साठ भावंडं खोक्यांत पडून होतो. शहर तेव्हा चौफेर सुटलं होतं. ज्या रानात काल ज्वारी होती तिथं आज प्लॉटिंगचे दगड, आणि महिनाभरात कमान. धरणाचा तळ उघडा पडला होता, तरी बांधकामं थांबत नव्हती.

माझी चाळीस भावंडं वाळूजच्याच एका कंपनीत गेली. त्यांचं बरं चाललं. तिथल्या लोकांनी आम्हाला लावण्याआधी पंधरा दिवस गेटवर, स्टोअरमध्ये, कॅन्टीनमध्ये बसून विचारलं की कोण कोणाला फोन करतं आणि कशासाठी करतं. मग जोडणी केली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या जातीवर खापर फोडून मोकळं होणारे लोक मला भेटलेत. जातीत खोट नव्हती. उरलेली वीस भावंडं या सरकारी इमारतीत आली आणि इथं आम्हाला लावण्याआधी कोणी कोणाला काहीही विचारलं नाही.

सोमवार, १८ एप्रिल. टंचाई कक्षाच्या दाराला झेंडूची माळ होती. कक्षाचे अधिकारी सदाशिवराव इस्त्रीच्या शर्टात उभे होते. मला बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर अमेय कपाटात डोकं घालून वायरी खोचत होता. टेबलावरून जुना राखाडी फोन काढून खुर्चीवर ठेवला होता. त्याच्या शेजारी, त्याची वायर हातात गुंडाळत, आशाबाई उभ्या होत्या.

आशाबाई कक्षातल्या कारकून. वय छप्पन्न, चष्म्याला दोरी, टेबलावर एक वही. त्या वहीत एक्केचाळीस वाड्या-वस्त्यांची नावं आणि त्यांच्यापुढं रोजच्या रोज बरोबरची किंवा फुलीची खूण.

सदाशिवराव म्हणाले, "आता एकही कॉल वाया जायचा नाही. पहिल्या रिंगला उचलला जाणार. सगळी नोंद, सगळं रेकॉर्डिंग. काय अमेय?"

"हो सर. पब्लिकला वाट बघायचं टेन्शनच नाही."

आशाबाई म्हणाल्या, "साहेब, पण ही माणसं फोन उचलू नये म्हणूनच फोन करायलीत."

खोलीत हशा झाला. अमेयही कपाटातून डोकं काढून हसला.

"आशाबाई," सदाशिवराव म्हणाले, "मग इतकी वर्षं तुम्ही फोन न उचलण्याचाच पगार घेतला म्हणा की!"

"व्हय साहेब," आशाबाई अजिबात न हसता म्हणाल्या. "तेच माझं काम होतं. एक रिंग देऊन कापला तर टँकर आला. दोन देऊन कापला तर नाय आला. लोकांच्या मोबाईलात बोलण्यापुरता पैसा नसतो. रिंग फुकट असते. कोणाचा नंबर आहे ते फोनला जोडलेल्या डबीवर दिसतं. मी खूण करते आणि दोन रिंगा असल्या की टँकरच्या ठेकेदाराला झापते. हा तर पहिल्याच रिंगला उचलणार. मग दुसरी कशी द्यायची त्यांनी?"

आता कोणी हसलं नाही. पण ऐकलंही नाही. सदाशिवराव म्हणाले, "तशा खाणाखुणा सरकारी कामात चालत नाहीत. एक दाबा, दोन दाबा, सोपं आहे. ग्रामपंचायतींना पत्र काढलंय."

पत्र खरंच निघालं होतं, त्याची प्रत कक्षात लावली होती. ते ग्रामपंचायतीपर्यंत गेलं. ग्रामपंचायतीपासून बोरखोरी सहा किलोमीटर वर, पायवाटेनं. पत्राला पाय नव्हते.

मी आपोआप उचलतो म्हटल्यावर टेबलावर माणूस कशाला? त्याच आठवड्यात आशाबाईंची बदली तळमजल्यावर, आवक-जावकच्या खिडकीवर झाली. वही घेऊन त्या खाली गेल्या. जुना नंबर मात्र मलाच जोडला, म्हणजे लोकांना त्रास नको. तोच नंबर, तीच वेळ, तेच लोक. पलीकडं बसलेली बाई तेवढी नाही.

त्या दिवसांत मला माझा अभिमान वाटायचा. रोज दहा ते अकराच्या दरम्यान वस्त्यांचे फोन यायचे आणि मी एकही सोडत नव्हतो. "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. मराठीसाठी एक दाबा." पलीकडचा माणूस दचकायचा आणि कापायचा. मी नोंद करायचो: स्वीकारला. महिन्याच्या तक्त्यात शंभर टक्के. तो तक्ता सदाशिवरावांनी पाहुण्यांना दाखवला, त्याचा रंगीत कागद भिंतीवर चिकटवला.

हळूहळू बऱ्याच वस्त्यांनी फोन करणं सोडलं. ज्यांच्याकडं मोटारसायकल होती ते तालुक्याला जाऊन भांडले. बोरखोरीत मोटारसायकल नव्हती. अठ्ठावीस घरं, एक विहीर आणि भागूबाईंचा बटणांचा मोबाईल.

भागूबाईंचं वय सत्तरच्या पुढं. मागच्या उन्हाळ्यात त्या डोंगर उतरून, बस धरून, आशाबाईंना बघायला इथं आल्या होत्या. मला हे जुन्या राखाडी फोननं सांगितलं, फार उशिरा. आशाबाईंच्या टेबलासमोर बसून त्या म्हणाल्या होत्या, "बाई, तुमची रिंग लागली की माझी नात वाचती. टँकर नाय आला की सोनीला हिरीत उतरावं लागतंय. काठ ढिला झालाय, मोठं माणूस पेलत नाय. ती हलकी हाय म्हणून तीच उतरती." सोनी म्हणजे सोनिया. तेव्हा अकरावीत होती. आशाबाईंनी वहीत बोरखोरीपुढं लाल शाईनं रेघ मारली. त्या वर्षी लाल रेघेपुढं फुली आली की दहा मिनिटांत ठेकेदाराला फोन जायचा, आणि जुना फोन सांगतो, ठेकेदार पलीकडं फोन कानापासून लांब धरत असेल, इतका आवाज चढायचा बाईंचा. संध्याकाळच्या आत टँकर डोंगराखाली उभा राहायचा.

ठेकेदाराला भीती कायद्याची नव्हती, त्या फोनची होती. १८ एप्रिलनंतर तो फोन गेला नाही. त्यानं दोन आठवडे अंदाज घेतला. ४ मेपासून बोरखोरीचा टँकर इथं शहरात, बीड बायपासला एका नव्या इमारतीच्या साईटवर रिकामा व्हायला लागला. हे नंतर ड्रायव्हर काकासाहेबानं याच खोलीत उभं राहून सांगितलं. "मला म्हणले तिथं खाली कर, मी केला. वर कोण इचारतंय, म्हणले."

वर मी होतो. मला विचारता येत नव्हतं.

४ मेला सकाळी दहा वाजता भागूबाईंनी दोन रिंगांसाठी नंबर लावला. मी पहिल्या रिंगला उचलला. त्यांनी घाबरून कापला. मग त्यांच्या लक्षात आलं की रिंग एकच गेली. एक रिंग म्हणजे टँकर आला. म्हणजे आपल्या हातून खोटं गेलं! त्यांनी पुन्हा लावला. मी पुन्हा पहिल्याच रिंगला उचलला. पुन्हा एकच. त्या दिवशी चार वेळा त्यांनी ते खोटं दुरुस्त करायचा प्रयत्न केला आणि चारही वेळा मी तत्परतेनं ते पक्कं केलं.

तिसऱ्या दिवसापासून त्या पैसे मोडून, रिचार्ज मारून बोलायला लागल्या. गोड आवाजाची कोणी नवी बाई बसलीय असं त्यांना वाटलं असावं.

"बाई, भागूबाई बोलायली, बोरखोरीची. आशाबाईला द्या की."

"आपण चुकीचा पर्याय निवडला आहे."

"चुकलंच बाई. दोन द्यायच्या व्हत्या, एकच लागली. तेवढं सांगा त्यांना."

"आपण चुकीचा पर्याय निवडला आहे."

नऊ दिवसांत एकतीस कॉल. एकतीसही स्वीकारले. आशाबाई दोन मजले खाली बसून टपालावर शिक्के मारत होत्या. मला जिना उतरता येत असता तर?

१२ मेचा कॉल बत्तिसावा. त्याचे सत्तेचाळीस सेकंद माझ्या पेटीत आहेत, जसेच्या तसे. आधी माझा नमस्कार. मग भागूबाई, धाप लागलेली: "बाई, दोन समजा. म्या दोनच दिल्यात असं समजा. नऊ दिस झाले, टँकर नाय. पोरगी रोज उतरायली..." मग लांबून एका बाईची आरोळी: "आज्जे! ओ आज्जे! काठ ढासळला! सोनी खाली हाय!" मोबाईल दगडावर पडल्याचा आवाज. धावणारी पावलं. मग त्या रिकाम्या रानात माझा आवाज, स्वच्छ आणि अदबशीर: "आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही. संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद."

सोनियाला वर काढायला दोन तास लागले, तोवर ती गेली होती. बारावीचा निकाल तेव्हा लागायचा होता.

चौकशी झाली. सदाशिवरावांनी अहवाल लिहिला तेव्हा कागद माझ्याच शेजारी होता, म्हणून शब्द माहीत आहेत. "सदर वस्तीकडून पाणी न मिळाल्याची एकही तक्रार प्राप्त नाही. प्रणालीवरील सर्व कॉल विहित वेळेत स्वीकारण्यात आले आहेत." यातलं एकही वाक्य खोटं ठरवता येत नाही, आणि साक्षीदार मी. काकासाहेबाला कामावरून काढलं. ठेकेदाराचा टँकर जूनमध्ये परत कामावर आला. सदाशिवरावांना पुढं बढती मिळाली. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात माझा शंभर टक्क्यांचा तक्ता पुन्हा एकदा वाचला गेला.

आशाबाई एकदाच वर आल्या. वही घेऊन. १८ एप्रिलनंतरची पानं कोरी होती. त्या माझ्यासमोर बसल्या, पण रिसीव्हरला हात लावला नाही. अमेय दुरुस्तीला आला होता, त्याला म्हणाल्या, "बाळा, तू म्हणला होतास सगळं रेकॉर्ड होतं. ती म्हातारी काय बोलली ते ऐकव मला."

अमेयनं मान खाली घातली. "मावशी, आहे सगळं आत. पण मला काढता येत नाही. लेखी मागणी लागते, वरच्या सहीची. तुम्ही अर्ज द्या ना."

"देते की. अर्ज घेणारी मीच हाय खाली."

त्या हसल्या नाहीत. अमेयही नाही.

त्यांनी अर्ज लिहिला. स्वतःच्या खिडकीवर स्वतःच घेतला, स्वतःच शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि वर पाठवला. पुढं दोन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, रोज सकाळी त्या जावक नोंदवही उघडून त्या क्रमांकाचं उत्तर बघायच्या. शिपायांमध्ये ती थट्टा झाली होती. "बाई, आली का तुमची रिंग?"

आता मी जिन्याखालच्या भंगाराच्या खोलीत आहे. माझ्या जागी आणखी नवी प्रणाली आली. तिला तर पेटीही लागत नाही म्हणे, सगळं कुठल्यातरी दूरच्या शहरात साठतं. माझ्या अंगावर निर्लेखनाची, म्हणजे भंगारात काढल्याची, चिठ्ठी चिकटवली आहे. शेजारी जुना राखाडी फोन आहे. त्याच्याकडूनच मला कळलं की माझ्याआधी या टेबलावर न उचलणं हे काम होतं आणि ते एका बाईनं मन लावून केलं होतं. त्यानं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

लिलाव होईल तेव्हा पेटी कोणीतरी पुसून विकेल. मला मरणाचं वाईट वाटत नाही. यंत्राला कसलं मरण? पण माझ्या पोटात एक म्हातारी अजून सांगते आहे की दोन समजा. पुसण्याआधी कोणीतरी ते सत्तेचाळीस सेकंद ऐकावेत, एवढीच माझी मागणी आहे. सही कोणाची लागते ते शोधा. ती सही करणाऱ्याचं नाव विचारा. न करणाऱ्याचंही विचारा.

अर्ज या इमारतीतच आहे. आवक क्रमांक ११४७, दिनांक २७ मे २०१६, अर्जदार आशाबाई. विषय: बोरखोरी येथील दूरध्वनी ध्वनिमुद्रण मिळणेबाबत. समोरचा जावक क्रमांकाचा रकाना आजही कोरा आहे.