वेशीच्या अलीकडे

महाडच्या आमच्या धर्मशाळेत खोली मिळते ती पोराच्या नावावर. पोर समोरच्या दवाखान्यात दाखल असेल तोवर आईबापाला फुकट छप्पर आणि दोन वेळचा वरणभात. पोराला घरी सोडलं की खोली रिकामी करायची. नियम ट्रस्टचा, पण तोंड माझं, म्हणून शिव्याही मलाच. ललिताबाई म्हणजे दगड, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

भरत आणि वैशाली कुडपणचे, वर डोंगरातले. त्यांची सहा वर्षांची सेजल रक्ताच्या आजाराने अंथरुणाला खिळलेली. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिला इथे आणलं. तरी भरत रोज मला सांगायचा, "ताई, आज दोन घास जास्तीचे गेले." त्याचा तो उत्साह बघून मला कधीकधी चीड यायची. कशाच्या जोरावर एवढी आशा धरतो हा माणूस?

शिमग्याला तो एका दिवसापुरता गावी गेला. पालखी दारात यायची आणि घरचा कर्ता माणूस नाही, हे त्यांच्यात चालत नाही. वैशालीनेच त्याला पिटाळलं. परत आला तो कपाळाला गुलाल आणि हातात प्रसादाचा नारळ घेऊन.

"पालखीसमोर बोललो, ताई. सेजल आपल्या पायांनी चालत येल, तवाच तिला वेशीतून आत आणीन. तवर नाय. अख्ख्या गावानं माझ्यासंगती हात जोडले."

मी बुद्धाला मानणारी, नवससायास ऐकले की माझं डोकं फिरतं. पण त्याचा तो फुललेला चेहरा बघून बोलवेना. मी प्रसाद घेतला आणि खाल्लाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. आता सुया टोचून पोरीला छळण्यात अर्थ नाही, घरी न्या, तिला आवडेल ते खाऊ घाला, म्हणाले.

वैशाली थेट माझ्याकडे आली. "ताई, आमची खोली ऱ्हाऊ द्या. भांडी घाशीन, संडास धुवीन. पोरीला हितं ठेवू द्या."

बाहेर ओट्यावर बनुबाई तिच्या बाळंतीण सुनेला घेऊन बसली होती. नातू काचेच्या पेटीत, आणि यांना पाठ टेकायला जागा नाही. मी कोणत्या तोंडाने थांबा म्हणू?

"नाही जमणार गो," मी म्हटलं. "आणि स्वतःचं घर असताना इथे कशाला? पोरीला तिच्या घरात राहू दे."

वैशालीने नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान वर केली नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि मी भडकलेच.

"अरे, तुझ्या देवाला डोळे नाहीत का? आजारी लेकराला तो वेशीवर अडवणार आहे?"

"देव नाय अडवायचा, ताई," भरत हळूच म्हणाला. "पण गाव माझ्यासंगती बोललाय. शब्द मोडला आणि उद्या कुणाचं जनावर मेलं, कुणाचं पोर आजारी पडलं, तर बोट आमच्याकडंच. माझी आई तिथं एकटी ऱ्हाते."

तो खरं बोलत होता, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

वैशाली म्हणाली, "माझ्या माहेरी नेऊ. कापड्याला. तिथंच जन्मली ती, तिथंच..."

दुपारी जीप आली. मी सेजलला उचलून आईच्या मांडीवर दिलं. वजन असं नव्हतंच. मागे खोलीत बनुबाईची सून गाठोडं ठेवत होती आणि मला रडू आवरेना.

जीप सुरू झाल्यावर पोरीने डोळे उघडले.

"बाबा, घरी चाललो ना?"

"हो गो. घरीच."

"मग आजी वेशीवर येल ना मला घ्यायला?"

भरतने तोंड फिरवलं. वैशालीने पोरीला पदराखाली घेतलं.

"येल हो. तू नीज. गाव आलं की मी उठवीन तुला."